मुकादम आणि भेगेवरची झाडं

अन्वी, कबीर,

परवा फोनवर कबीरने मला विमानातून काढलेला दुबईचा फोटो दाखवला. समुद्रात भराव घालून केलेली बेटं होती. "आजी, व्हेअर डिड दे गेट ऑल दोज रॉक्स?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, डोंगरातून. त्यावर अन्वी म्हणाली, "बट दुबई इज फ्लॅट!" मग तुमच्या आईने तुम्हाला जेवायला बोलावलं आणि फोन बंद झाला.

दुबई सपाट आहे हे खरं. पण गाडीने उत्तरेला दोनेक तास गेलं की रास अल खैमाच्या मागे चुनखडीचे उंच, पांढरट डोंगर उभे राहतात. पुष्कळ दगड तिथून गेला. तो काढणाऱ्यांपैकी एक गृहस्थ बर दुबईत आमच्या घरी शुक्रवारी चहाला येत. त्यांच्याइतकं झाडांवर प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि त्यांच्याइतकी जुनी झाडं पाडणाराही पाहिलेला नाही. मला प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात ठेवायची सवय आहे, तुमची आई त्यावरून मला चिडवते. पण ह्या माणसाला कुठल्या खणात ठेवायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तुम्हाला सांगून बघते.

त्यांचं नाव हसन मुकादम. रत्नागिरीकडचे. घरी जांभा दगडाच्या खाणी, वडील आणि काका चिरे काढायचे. हे शिकून मायनिंग इंजिनियर झाले आणि नव्वदच्या थोडं आधी रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका चुनखडीच्या खाणीवर सुरुंगांचे मुख्य म्हणून आले. बायकोमुलं गावीच होती. तुमच्या आजोबांचं ऑफिस तेव्हा खाडीपलीकडे देऱ्यात होतं, मशिनरीच्या सुट्या भागांचं. तिथे हे ड्रिलची बिटं, म्हणजे दगडात घुसणारी टोकं, घ्यायला आले. काउंटरवरच्या मुलाशी बराच वेळ हिंदीत हुज्जत घालून झाल्यावर त्यांची नजर आजोबांच्या टेबलावरच्या 'लिमये' ह्या पाटीवर पडली. ते तिथूनच मोठ्याने म्हणाले, "अहो लिमयेसाहेब, आधी नाय का सांगायचं! माझं अर्धं हिंदी फुकट गेलं."

त्या शुक्रवारी ते घरी आले. गाडी देऱ्यातच लावून ते अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडून यायचे. पूल होता, पण कोकणातल्या माणसाने पाण्यावरून जायचं सोडून पुलावरून का जावं, असं त्यांचं म्हणणं. दाराबाहेर बूट काढून ते आधी एकमेकांवर आपटायचे. तरीही घरात पांढरी भुकटी यायचीच. म्हणून ते सोफ्यावर कधी बसले नाहीत. मी कितीही आग्रह केला तरी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल ओढून घ्यायचे आणि खारी चहात बुडवून, ती तुटून पडायच्या आत बरोबर तोंडात घालायचे. आजोबांची खारी दर वेळी कपात पडायची. "लिमयेसाहेब, तुम्हाला सुरुंग लावायला ठेवलं असतं तर आम्ही सगळे अल्लाला प्यारे झालो असतो," असं ते म्हणायचे.

खिशात त्यांच्या एक छोटी प्लॅस्टिकची बाटली असायची, पातळ ॲसिडची. दिसेल त्या दगडावर ते एक थेंब टाकायचे. फसफसला तर चुनखडी. एकदा आमच्या इमारतीच्या लॉबीतल्या संगमरवरावर त्यांनी थेंब टाकला. मलबारी वॉचमन धावत आला. मुकादम त्याला फेसाकडे बोट दाखवून आनंदाने म्हणाले, "देखो, असली है!" वॉचमनला त्या आनंदात भाग घेता आला नाही. तो डाग आम्ही ते घर सोडेपर्यंत तिथे होता, आणि रोज येता-जाता माझी नजर तिथे जायची.

डोंगरात आम्हाला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. हिवाळा होता. आम्ही दोघं आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कोल्हापूरच्या शोभाताई, असे त्यांच्या जीपमधून गेलो. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात त्यांनी जीप थांबवली. दोन्हीकडे उघडे पांढरे कडे. मी डबे खाली काढले आणि विचारलं, "तुम्ही जंगल म्हणाला होतात. कुठाय?"

"त्यातच उभ्या आहात, वहिनी."

मी चारी बाजूंना पाहिलं. इथे एक झाड, तिथे एक झाड, मधे दगडच दगड.

"दोन झाडांच्या मधली जागा पण जंगलच असते," ते म्हणाले. "आपल्याकडे झाडाला झाड चिकटलेलं बघायची सवय, म्हणून फसायला होतं. यल्ला, बसा. आधी दगड बघा, मग झाड."

मग त्यांनी समजावलं, ते मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. इथे पाऊस वर्षातून चार-दोनदा पडतो. पडला की चुनखडी तो पिऊन टाकते, कारण ह्या दगडाच्या पोटात भेगाच भेगा असतात. पाणी वर थांबतच नाही. मग झाड कुठे जगणार? जिथे भेग आहे तिथेच. वाऱ्याने आलेली माती, पाचोळा, मुंग्यांनी ओढून आणलेलं काहीबाही सगळं त्या भेगेत साठतं. बी तिथे पडलं तरच रुजतं. मूळ भेगेतून खाली उतरत जातं. वर झाड माणसाएवढं, खाली मूळ चार मजली इमारतीएवढं.

त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मला दिसलं. पलीकडच्या उतारावर झाडं इतस्ततः नव्हतीच. खालपासून वरपर्यंत एका ओळीत उभी होती, शाळेतल्या मुलांसारखी.

"कुणी लावली?" शोभाताईंनी विचारलं.

"बी बकऱ्यांनी आणि बुलबुलांनी टाकलं. ओळ डोंगराने आखून दिली."

त्यांनी सगळ्या झाडांची ओळख करून दिली. ते झाडांना 'मंडळी' म्हणायचे. छत्रीसारखी पसरलेली, बाभळीच्या नात्यातली ती समर. बोरीच्या नात्यातली ती सिद्र. कड्याला चिकटलेलं, लहान फळांचं उंबराच्या जातीचं झाड. आम्ही शेगडीसाठी सुकी लाकडं गोळा करायला लागलो तर ते एकदम कडक आवाजात म्हणाले, "ते ठेवा खाली. मेलेल्या लाकडात पण कुणी तरी राहतं." आणि जीपमधून त्यांनी स्वतः आणलेला कोळसा काढला. मी ओशाळून फांदी खाली ठेवली, तर ती जिथून उचलली होती तिथेच, त्याच कुशीवर त्यांनी ती परत ठेवली.

आता शोभाताईंच्या शेंगांची हकिगत. परतताना वाटेत त्यांना एक झाड दिसलं. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या, पण त्यांच्यावर लांब शेंगा. "अगं बाई, शेवगा!" त्या किंचाळल्या. खरोखरच तो शेवग्याचा रानातला चुलतभाऊ होता. मुकादम नमाजाला एका मोठ्या धोंड्याच्या आड गेले होते. ते येईपर्यंत शोभाताईंनी पिशवी भरली. दुबईत ताजा शेवगा मिळवायला काय करावं लागायचं ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून त्यांना फार दोष देऊ नका.

मुकादम आले. पिशवी पाहिली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते एवढंच म्हणाले, "शोभाताई, आमटी केलीत तर मला बोलवायला विसरू नका."

पुढच्या शुक्रवारी गोडा मसाला, चिंच, गूळ घालून आमटी झाली. शेंगा दाताला लाकडासारख्या, चव कडू. आजोबांनी आपल्या शेंगा हळूच ताटाच्या कडेला लावल्या. शोभाताईंचा चेहरा पडला. मुकादमांनी मात्र एकेक शेंग शांतपणे चघळली आणि वाटी पुढे केली. "अजून आहे काय वो?"

"अहो, कडू आहे ना?" शोभाताई रडवेल्या झाल्या.

"आहे ना. पण आता तोडल्यात तर खायला नको?"

जाताना त्यांनी उरलेल्या कच्च्या शेंगा वर्तमानपत्रात बांधून नेल्या. पुढे कळलं की सुट्टीच्या दिवशी त्यांनी एकेक बी त्या डोंगरातल्या भेगांत पुन्हा नेऊन खोचलं होतं. शोभाताई म्हणाल्या, "संत आहे हो हा माणूस." मलाही तेव्हा तसंच वाटलं, आणि मी त्यांना त्या खणात ठेवून दिलं.

ते तिथे फार दिवस राहिले नाहीत.

मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आजोबांबरोबर मीही एकदा खाणीवर गेले. त्यांना नव्या बिटांचे नमुने दाखवायचे होते. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, मोठाले डंपर खेळण्यांसारखे वर-खाली जात होते. ऑफिसात तिथले मॅनेजर भेटले, सीरियाकडचे, बोलके गृहस्थ. त्यांनी मुकादमांची इतकी स्तुती केली की आजोबांनाच लाजल्यासारखं झालं. बाकीचे लोक दारू भरभरून डोंगराचा चुरा करतात, हा माणूस थोडक्या दारूत डोंगराची फळी काढावी तशी काढतो, असं ते म्हणाले. "हबीबी, ही टॉक्स टू द माउंटन!"

मुकादम आम्हाला वर घेऊन गेले. उद्याचा सुरुंग जिथे होता तिथे लाल रंगाचे ठिपके ओळीने मारलेले होते, ड्रिलच्या भोकांसाठी. मी त्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. ओळ एका समरच्या बुंध्याजवळून गेली, मग दुसऱ्या समरच्या, मग एका सिद्रच्या.

"मुकादम," मी विचारलं, "ही ओळ तुम्ही कशी ठरवलीत?"

"मंडळींनी दाखवली." त्यांनी हेल्मेट काढून घाम पुसला. "झाडांची ओळ म्हणजे भेग. भेगेवर भोकं पाडली की दगड आपसूक सुटतो. नाय तर कितीही दारू भरा, नुसती खडी होते."

"म्हणजे जंगलच तुम्हाला सांगतं कुठे फोडायचं ते?"

"होय."

"आणि मग?"

"मग पडतं ते." असं म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा माझ्यासाठी कपात ओतला. "साखर कमी आहे वहिनी, चालेल ना?"

परतीच्या वाटेवर मी आजोबांशी भांडले, कारण मुकादम गाडीत नव्हते. मी म्हटलं, हा कसला माणूस? सुकी फांदी उचलली म्हणून माझ्यावर डोळे वटारतो आणि उभी झाडं उडवतो! आजोबा म्हणाले, "त्याचं काम आहे ते." मी म्हटलं, कामच करायचं तर झाडांची नावं कशाला पाठ करायची? पुढचा डंपर मागे टाकून आजोबा म्हणाले, "कदाचित उलट असेल. रोज पाडावी लागतात म्हणून पाठ केली असतील." मला ते पटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ते आले, बूट आपटले, स्टुलावर बसले. मी चहा ठेवला. खाणीचं सोडून बाकी सगळ्या गप्पा झाल्या.

खाणीच्या मागच्या बाजूला एक घळ होती. मुकादम तिला 'मागची घळ' म्हणायचे. दर हिवाळ्यात ते आम्हाला तिथे न्यायचे आणि मी तिथे जायला कधी नाही म्हटलं नाही. कारण त्या उजाड पांढऱ्या डोंगरात तेवढीच एक जागा होती जिला मीसुद्धा न समजावता जंगल म्हटलं असतं. घळीत दोन ओळी होत्या. खालच्या भेगेवर रानशेवगे आणि समर. फेब्रुवारीत शेवग्यांना फिकट गुलाबी फुलं यायची आणि मधमाश्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू यायचा. वरच्या भेगेवर, कड्याच्या कडेला, एक प्रचंड जुना रानउंबर. त्याच्या बुडाशी दगड नेहमी ओलसर असायचा, थेंबभर पाणी झिरपायचं, आणि पहाटे धुकं आलं की पानांवरून टपटपायचं. बुलबुल तिथे, सरडे तिथे, ऊन चढलं की बकऱ्याही तिथेच.

"हे मात्र कुणी फोडत नाही," मुकादम सांगायचे. कारण विचारलं की खिशातली बाटली काढायचे. घळीतल्या दगडावर थेंब टाकला की तो मख्खासारखा पडून राहायचा, फसफसायचा नाही. "बघा. मॅग्नेशियम फार. सिमेंटला हा दगड कुचकामी. खराब दगडासारखं दुसरं संरक्षण नाय, वहिनी." आणि ते घळीभर असे फिरायचे, जसं काही तो दगड त्यांनीच खराब करून ठेवला होता.

मग नवं शतक आलं आणि दुबईने समुद्रात बेटं बांधायला घेतली. लाटा अडवायला धोंडे हवे होते, मोटारीएवढाले. समुद्राला मॅग्नेशियमशी काही देणंघेणं नव्हतं. उलट तो दगड जास्त कठीण, म्हणून जास्त चांगला.

मुकादम एका मंगळवारी संध्याकाळी आले. मंगळवारी ते कधी येत नसत. बूट आपटायचेही विसरले.

"मागची घळ मागतायत," ते म्हणाले.

आजोबांनी टीव्ही बंद केला. "तू काय सांगितलंस?"

"मोठे अखंड धोंडे पाहिजेत. ते माझ्याशिवाय कुणाला काढता येत नाय, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, घळ सोडा, दुसरीकडून देतो. ते म्हणाले, दुसरीकडचं पण पाहिजे आणि हे पण. खूप वाद घातला. शेवटी मॅनेजर म्हणाला, हबीबी, मला दगड पाहिजे. घळीतली एक बाजू दे, दुसरी तू तुझी बाग म्हणून ठेव. मी कागदावर सोडून देतो."

"राजीनामा दे," आजोबा म्हणाले. "मुलीचं लग्न झालं, मुलगा कमवायला लागला. परत जा आता."

"मी गेलो की दुसरा येईल. त्याला भेगा दिसणार नाहीत. तो दुप्पट दारू भरेल आणि सगळी घळ हलवेल. माझ्या हातून झालं तर निदान अर्धी राहील."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मुकादम, हे सगळेच म्हणतात. मी नाही केलं तर दुसरा करेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "म्हणतात ना. पण म्हणणारे सगळेच खोटं बोलतात, असं पण नाय ना, वहिनी?"

मी चहा आणून ठेवला.

मग त्यांनी आमच्या टीपॉयवर चहाचे कप सरकवून घळ मांडली. हा कप उंबर, ह्या दोन बश्या शेवग्याची ओळ. खालची भेग धरली तर शेवगे जातील, उंबर वाचेल. वरची धरली तर उंबर जाईल आणि झिरपा जाईल, शेवगे वाचतील. दोन भेगा, दोन ओळी. "तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "तुमचं सगळं व्यवस्थित असतं. कुठली?"

"मी नाही सांगणार."

"लिमयेसाहेब?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. खाली अब्रांची ये-जा चालली होती, मीना बाजारातून कापडवाल्यांचा ओरडा येत होता. मुकादमांनी बश्या उचलून एकात एक ठेवल्या, स्वयंपाकघरात नेऊन विसळल्या आणि घरी गेले. त्यांना विसळायला मी कधी दिलं नसतं, पण त्या दिवशी मी जागची हललेच नाही.

त्यांनी खालची भेग धरली. शेवग्यांची बहुतेक सगळी ओळ गेली. मला हे आजोबांकडून कळलं. धोंडे इतके अखंड निघाले की मॅनेजरने खाणीवर मिठाई वाटली. मुकादमांनी घेतली का, हे मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, घेतली. मला ते आवडलं नाही. पण मिठाई नाकारली असती तर आवडलं असतं का? तेही खोटंच वाटलं असतं. मी म्हटलं ना, कुठल्याच खणात बसत नाहीत.

त्यानंतर ते आमच्याकडे कमी येऊ लागले. आले की उंबराची खबर द्यायचे. उंबर हिरवा आहे. झिरपा चालू आहे. मग एकदा म्हणाले, पानं जरा जास्त गळतायत, इन्शाल्ला पाऊस झाला की भरेल. त्यानंतर आले तेव्हा उंबराबद्दल काहीच बोलले नाहीत.

आम्ही कायमचे पुण्याला परत निघालो त्या वर्षी निरोप घ्यायला मी आणि आजोबा रास अल खैमाला गेलो. मुकादमांनी आम्हाला हेल्मेटं दिली आणि पायी घळीत नेलं. म्हणजे जिथे घळ होती तिथे. खालची बाजू नव्हतीच. तिच्या जागी सरळ, उंच, पांढरी भिंत उभी होती, करवतीने कापल्यासारखी. वर कड्यावर उंबर दिसत होता. निम्मा हिरवा, निम्मा करडा.

"इकडे बघा," ते म्हणाले.

वरपासून खालपर्यंत, त्या भिंतीवर एक मूळ उघडं पडलं होतं. माणसाच्या मांडीएवढं जाड, तांबूस. उंबराखालून निघून ते दगडात शिरलेलं होतं आणि मग वळून, आडवं येऊन, जिथे शेवग्यांची भेग होती तिथे उतरलं होतं. भिंतीच्या पायथ्याशी ते तुटलेलं होतं.

"वरून दोन भेगा दिसल्या," मुकादम म्हणाले. "इतकी वर्षं मला दोनच दिसल्या. खाली एकच होती. पाणी खालच्या भेगेत होतं. उंबर तिथलं पाणी पीत होता." त्यांनी मुळावर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. "मी बरोबर निवडलं असं समजून झोपत होतो."

आजोबा म्हणाले, "तुला कसं कळणार होतं? दगडाच्या आतलं?"

"तेच तर माझं काम आहे ना, लिमयेसाहेब."

पायथ्याशी भिजवलेली गोणपाटं पडली होती. उन्हाने मूळ सुकू नये म्हणून ते ती दोरीने बांधत होते, वरून खाली येत. निम्मं झालं होतं. मी विचारलं, "जगेल?" खरं तर मला वेगळंच काही विचारायचं होतं. तुम्हाला वाईट वाटतं का? की हे सगळं तुम्ही असंच केलं असतं? पण तोंडातून तेवढंच आलं.

"माहीत नाय," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत झाडांबद्दल हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "निघा आता तुम्ही. भिंतीच्या पलीकडे, खाणीच्या बाजूला बार लावलाय, वाजेल एवढ्यात."

"तुम्हीच लावलात?"

"दुसरं कोण लावणार?"

त्यांनी आजोबांना मिठी मारली. मला हात जोडले आणि म्हणाले, "पुण्याला गेल्यावर शोभाताईंना सांगा, आमटी चांगली होती." शोभाताई आमच्या आधीच कोल्हापूरला परतल्या होत्या. पुणे-कोल्हापूर त्यांच्या लेखी एकच.

आम्ही खाली फाटकापाशी आलो. लाल झेंडा घेतलेल्या माणसाने गाडी अडवली, आमच्या मागे डंपर येऊन थांबले. तिथून भिंत दिसत होती. मुकादम अजून तिथेच होते, एक गोणपाट बांधत होते. भोंगा वाजला. त्यांनी गाठ मारली, ती ओढून बघितली, आणि घाई न करता चालत एका पत्र्याच्या आडोशाला गेले. मग भिंतीमागून पांढरा ढग उठला. आवाज नंतर आला, छातीत बसला.

धूळ खाली यायला बराच वेळ लागला. कड्यावर काही तरी उभं होतं, पण पानांवर इतकी भुकटी बसली होती की झाड कुठे संपलं आणि दगड कुठे सुरू झाला ते समजेना.

"दिसतंय का?" आजोबांनी विचारलं.

"कळत नाही," मी म्हटलं.

मुकादम आडोशातून बाहेर आले होते. हेल्मेट काढून, डोळ्यांवर हात धरून वर चढत होते, आता जरा भराभर. उंबराकडे चालले होते की बार कसा फुटला ते बघायला, मला सांगता येणार नाही. पायवाट एकच होती. झेंडेवाल्याने फाटक उघडलं, मागच्या डंपरने हॉर्न दिला आणि आम्हाला निघावं लागलं.